जोड लावायची कशी? नवख्यांना जोडीनं इंग्रजी बोलतं करताना

वर्गात २४ जण. तास ६० मिनिटांचा. हजेरी, उशिरा आलेल्यांची कारणं, फळ्यावरचं लिखाण यात २० मिनिटं सहज जातात. उरलेल्या ४० मिनिटांत एकेकाला उभं करून प्रश्न विचारलेत, तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेदोन मिनिटंही येत नाहीत, आणि त्यातलं निम्मं बोलणं तुमचंच असतं. महिन्याचे २५ तास भरले तरी त्या माणसाचं तोंड इंग्रजीत जेमतेम वीस-एकवीस मिनिटं हललेलं असतं. मग फी परत मागितली नाही म्हणून आभार मानायचे.

त्याच ४० मिनिटांतली २० जोड्यांना द्या. एका वेळी बारा जण बोलतात, प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतात, तीही रोज.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका घराच्या माडीवर संध्याकाळी नवख्यांचा वर्ग घेते. शिरोली एमआयडीसीतून सुटून थेट येणारी पोरं, महाद्वार रोडच्या कापड दुकानात उभ्यानं दिवस काढणाऱ्या मुली, हुपरीहून येणारा चांदीचा कारागीर, मुलांच्या शाळेत पालकसभेला गप्प बसावं लागतं म्हणून आलेल्या वहिनी, असा सगळा मेळ असतो. तुम्ही असा वर्ग पहिल्यांदा घेणार असाल, तर जोडीकाम कसं उभं करायचं ते सांगते. यातलं बरंचसं मी चुकून शिकले आहे.

आधी फरक तयार करा

‘आता शेजाऱ्याशी इंग्रजीत बोला’ असं सांगून गप्प बसणं ही सगळ्यांची पहिली चूक. माझीही तीच होती. ‘घरच्यांबद्दल बोला’ म्हटलं. दोन मैत्रिणी शेजारी बसलेल्या, एकाच गल्लीतल्या. एकीनं विचारलं, ‘हाऊ मेनी ब्रदर्स?’ दुसरी म्हणाली, ‘अगं, तुला माहीत नाही होय?’ संपलं.

जोडीतल्या एकाला काहीतरी ठाऊक असलं पाहिजे, दुसऱ्याला ते ठाऊक नसलं पाहिजे आणि त्याला त्याची गरज असली पाहिजे. या तीन गोष्टी असल्या की बोलणं आपोआप सुरू होतं. इंग्रजी कसं शिकवावं याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत, कामं देऊन इंग्रजी शिकवण्याचा जो बंगलोर प्रकल्प चालवला, त्यात वर्गातल्या कामांचे तीन प्रकार केले होते: माहितीतली फट, तर्कातली फट आणि मतातली फट. नवख्यांसाठी पहिला प्रकार पुरेसा आहे. मत मांडायला शब्द लागतात, आणि ते अजून त्यांच्याकडे नसतात. ‘मोबाइल चांगला की वाईट’ असले विषय सहा महिने बाजूला ठेवा.

फट खरी हवी, हे मला नकाशानं शिकवलं. भवानी मंडपापासून रंकाळ्यापर्यंतचा नकाशा मी हौसेनं काढला, गल्ल्यांसकट, दोन रात्री घालवून. एकानं वाट विचारायची, दुसऱ्यानं सांगायची. अर्ध्या मिनिटात सगळ्या जोड्या हात बांधून बसल्या. रंकाळा कुठं आहे हे कोल्हापूरच्या माणसाला विचारायचं म्हणजे त्याचा अपमानच! आता मी कुठंच नसलेल्या गावाचा नकाशा देते. त्यात बँक, दवाखाना, शाळा, एक तळं असतं. ‘अ’च्या नकाशावर चार ठिकाणांची नावं असतात, ‘ब’च्या नकाशावर उरलेली चार. विचारल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही.

मंडईचं कार्ड

पहिल्या आठवड्यासाठी हे एकच कार्ड बनवलंत तरी चालेल. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू त्याला उत्तम. कागद जाड असतो, आणि पत्रिका कुणाच्याही घरात ढिगानं मिळतात.

‘अ’ हा कपिलतीर्थ मंडईतला भाजीवाला. त्याच्या कार्डावर आठ भाज्या आणि त्यांचे भाव असतात. ‘ब’ गिऱ्हाईक. त्याच्या कार्डावर पाच भाज्यांची यादी आणि खिशात २०० रुपये. यादीतल्या दोन भाज्या दुकानात नाहीतच, म्हणजे गिऱ्हाइकाला दुसरं काहीतरी विचारावं लागतं. भाव खरे नसले तरी बिघडत नाही. मी ते मुद्दाम १३, ३०, १५, ५०, १८, ८० असे टाकते, कारण मराठी कानाला थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी हे सारखेच ऐकू येतात. एकदा एका मावशीची आणि एमआयडीसीतल्या पोराची जोड होती. मावशी गिऱ्हाईक.

‘हाऊ मच आर द टोमॅटोज?’

‘फिफ्टी.’

‘फिफ्टीन? गिव्ह टू केजी!’

‘नो, नो, मावशी. फाइव्ह झीरो. फाइव्ह झीरो!’

‘फाइव्ह झीरो? टू मच! कमी कर की.’

‘फाइव्ह झीरो’ मी कुणालाच शिकवलं नव्हतं. पोराला वाटलं, हिशेब चुकतोय, आपलं नुकसान होतंय, आणि त्यानं स्वतः वाट काढली. समोरच्याला कळलं नाही म्हणून दुसऱ्या तऱ्हेनं सांगणं, हे फळ्यावर उतरवून देता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला दोन्ही शब्द ठेका धरून म्हणायला लावले. थर्टीनमध्ये जोर शेवटी, थर्टीमध्ये सुरुवातीला. आदल्या दिवशी फसगत झालेली असल्यानं सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. खेळाच्या आधी सांगितलं असतं तर वहीत लिहून घेतलं असतं, एवढंच.

आकड्यांचं आणखी एक. मराठीत एकक आधी येतो: पंचवीस, सदतीस. शिवाय फोन नंबर सांगताना आपण जोड्या पाडतो: अठ्ठ्याण्णव, बावीस, सदतीस. त्यामुळे ‘थर्टी सेव्हन’ ऐकून ७३ लिहिणारे दर वर्गात दोन-तीन असतातच. त्यावर उपाय म्हणजे पाठीला पाठ लावून बसवायचं, एकानं नंबर एकेक आकडा करत सांगायचा, दुसऱ्यानं लिहायचा, मग वळून ताडून बघायचं. नंबर मात्र बनावट द्या. स्वतःचा नंबर अनोळखी माणसाला सांगायचं बायकांना नको वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

घड्याळाच्या बाबतीत उलट आपली चांदी आहे. पावणेसहा म्हणजे क्वार्टर टु सिक्स, सव्वासहा म्हणजे क्वार्टर पास्ट सिक्स. विचार करायची तऱ्हा तीच. फक्त साडेसहाला हाफ पास्ट सिक्स म्हणायचं. मध्यवर्ती बसस्थानकाचं वेळापत्रक अर्धं एकाकडे, अर्धं दुसऱ्याकडे दिलं की दहा मिनिटांत सगळी वेळ सांगायला लागतात. ‘व्हॉट टाइम डज द सांगली बस लीव्ह?’ एवढं एकच वाक्य लागतं.

सुरू करण्याआधीची पाच मिनिटं

काम फसतं ते इथंच, म्हणून हे सावकाश वाचा.

लागणारी वाक्यं आधी फळ्यावर लिहा. मंडईच्या कामाला चार पुरतात: ‘डू यू हॅव…?’, ‘हाऊ मच इज… / आर…?’, ‘आय वॉन्ट…’, ‘हिअर यू आर’. सगळ्यांकडून दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून घ्या. मग वर्गातल्या सगळ्यात धीट माणसाला पुढे बोलवा आणि त्याच्याशी तुम्ही स्वतः ते संभाषण करून दाखवा. तुम्ही गिऱ्हाईक व्हा, मुद्दाम एकदा अडखळा, एकदा ‘सॉरी, से अगेन प्लीज’ म्हणा. मग वर्गातल्याच दोघांना सगळ्यांसमोर करायला लावा. आणि मग सगळ्या जोड्या एकदम. दोघांनी सगळ्यांसमोर करून दाखवायची पायरी गाळली की हमखास अर्धा वर्ग एकमेकांची कार्डं वाचत बसतो.

सूचना मराठीत द्या. नवख्यांना कामाची रीत इंग्रजीतून समजावण्यात सात मिनिटं घालवणं हा शिक्षकाचा अहंकार असतो, बाकी काही नाही. आणि ‘समजलं का?’ विचारू नका. कोल्हापुरात त्याला ‘होय’ शिवाय दुसरं उत्तर मिळत नाही. त्याऐवजी विचारा: ‘आधी कोण बोलणार?’, ‘कार्ड समोरच्याला दाखवायचं का?’, ‘किती मिनिटं?’ उत्तरं अडली की कळतं, पुन्हा करून दाखवायला पाहिजे.

वेळ आधी सांगा आणि कमी सांगा. पाच मिनिटं म्हणा, चारला थांबवा. ‘झालं, आता काय करू?’ म्हणणाऱ्या जोडीपेक्षा ‘आमचं राहिलं की!’ म्हणणारी जोडी बरी.

जोड लावणं

खासबागेत कुस्त्या बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वस्ताद जोड लावतो ती वजन, वय आणि डाव बघून. वर्गात मात्र आपण शेजारी बसलेल्या दोघांना ‘तुम्ही जोडी’ म्हणून मोकळे होतो.

माझ्याकडे दोन तऱ्हेचे नवखे येतात. २००० सालापासून आपल्याकडे मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणून तिशीच्या आतल्यांना शब्द भरपूर येतात, वाचताही येतं, फक्त तोंड उघडत नाही. चुकलं तर लोक हसतील ही भीती शाळेतूनच सोबत आलेली असते. उलट पन्नाशीच्या मावशीला शब्द येतात वीस, पण ती दुकान चालवते, घासाघीस करते, तिला समोरच्याची भीड म्हणून नाही. या दोघांना एकत्र बसवा. पोरगा शब्द पुरवतो, मावशी धक्का देते.

हुशार आणि कच्चा अशी जोड असेल, तर माहितीचं कार्ड कच्च्याच्या हातात द्या. हुशाराला प्रश्न विचारत बसावं लागतं, आणि कच्चा एकेका शब्दात उत्तर देऊनही मालक राहतो. उलट दिलंत तर हुशार सगळं एकटाच बोलून मोकळा होतो.

पहिला आठवडा बायकांना बायकांबरोबर बसायचं असेल तर बसू द्या, हट्ट करू नका. दुसऱ्या आठवड्यापासून सरकती ओळ करा. दोन रांगा समोरासमोर, दर तीन मिनिटांनी एक रांग एक जागा पुढे सरकते, टोकाचा माणूस फिरून पहिल्या जागी येतो. कुणाबरोबर बसायचं हा प्रश्नच उरत नाही. आकडा विषम असेल तर तिघांची एक जोडी करा आणि तिसऱ्याला पंच नेमा. मराठी शब्द किती वेळा आला तो मोजेल आणि दर फेरीला बदलेल. स्वतः जोडीदार होऊन बसू नका. तुम्ही बसलात की बाकीच्या अकरा जोड्यांकडे कोण बघणार?

एकदा सासू-सून एकाच वर्गात आल्या. जोडीला बसवायचं की नाही, मी दोन दिवस विचार करत होते. सुनेला दवाखान्यातली डॉक्टर केली, सासूला पेशंट. सून ‘व्हॉट इज युअर प्रॉब्लेम?’ म्हणताना दर वेळी आवाज खाली आणायची, कारण सासूबाईंना ‘यू’ म्हणायचं म्हणजे अरे-तुरे केल्यासारखं तिला वाटत होतं. इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण या तिघांना मिळून एकच शब्द आहे, त्यात मान कमी होत नाही, हे मला वर्गासमोर फोड करून सांगावं लागलं. तेव्हापासून पहिल्याच दिवशी सांगते. दुसरी गंमत अशी की आमच्याकडच्या बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. घरी मीही तेच म्हणते. पुण्याकडून आलेली सून त्यावर हसते. इंग्रजीत ‘आय गो’ला बाई-पुरुष नाही म्हटल्यावर वर्गातल्या बायका खूश झाल्या, एक भांडण कमी.

त्या पाच मिनिटांत तुम्ही काय करायचं

गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे.

वस्ताद हौद्याच्या कडेला उभा राहून बघतो, तसं वर्गात फिरा. हातात छोटी वही ठेवा. ऐकलेली चूक लिहून घ्या, मध्ये पडू नका. ‘शी डोन्ट लाइक’ ऐकल्या ऐकल्या तुम्ही ‘डझन्ट!’ म्हणालात तर तो माणूस बरोबर बोलेलही, पण पुढची तीन वाक्यं तुमच्याकडे बघून बोलेल. जोडी मोडली. फक्त एखादी जोडी पार अडकली असेल तर वाकून एक शब्द द्या आणि पुढे सरका.

गोंगाट होणारच. बारा जणांचा आवाज खाली घरमालकांच्या टीव्हीवर जातो. मी त्यांना पहिल्या महिन्यात सांगून ठेवलं, आवाज आला तर समजा वर्ग चांगला चाललाय, शांत असलं तर विचारायला वर या.

काम थांबल्यावर वहीतली पाच-सहा वाक्यं फळ्यावर लिहा, कुणाची ते न सांगता. त्यात दोन बरोबर वाक्यंही घाला. जोड्यांनीच ठरवायचं, कुठलं चुकलं आणि कसं दुरुस्त करायचं. आमच्याकडच्या ठरलेल्या चुका म्हणजे ‘मायसेल्फ’ म्हणून ओळख करून देणं, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘यू आर गोइंग व्हेअर?’ आणि ‘अ’, ‘द’ गाळणं. शेवटच्या दोन्ही थेट मराठीतून येतात. आपण ‘तुम्ही कुठं चाललाय?’ म्हणतो, त्यात प्रश्नासाठी शब्दांची जागा बदलत नाही, आणि ‘अ’, ‘द’सारखं काही मराठीत नाहीच. कारण सांगितलं की माणूस स्वतःला बिनडोक समजायचं थांबवतो. पहिल्या तीन महिन्यांत मी प्रश्नातल्या शब्दांच्या क्रमावर जोर देते. ‘अ’ आणि ‘द’कडे काणाडोळा करते, त्यानं भाजी मिळायची थांबत नाही.

मराठीत घसरले तर

घसरणारच. मी एकदा मराठी शब्दाला एक रुपया दंड ठेवला. तीन दिवसांत डब्यात ४६ रुपये जमले आणि चौथ्या दिवशी वर्ग चिडीचूप झाला. न बोलणाऱ्याला दंड नव्हता ना! तो डबा काढून टाकला आणि त्याऐवजी भिंतीवर पाच वाक्यं चिकटवली: ‘सॉरी, से अगेन प्लीज’, ‘स्लोली प्लीज’, ‘हाऊ डू यू से वांगं इन इंग्लिश?’, ‘आय डोन्ट नो’, ‘युअर टर्न’. अडल्यावर हात टेकायला ही पाच पुरतात. तिसऱ्या वाक्यात एक मराठी शब्द घालायची मुभा आहे, आणि लोक तीच सगळ्यात जास्त वापरतात.

फार लाजाळू वर्ग असेल तर बोलण्याआधी मिनिटभर गप्प विचार करायला द्या, मग जोडीत बोला, मग वाटलं तर सगळ्यांना सांगा. फ्रँक लायमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेली ही रीत. त्या एका मिनिटात ओठ हलताना दिसतात.

महिनाभरानं मंडई, बस, दवाखाना अंगवळणी पडले की वेग वाढवायला सरकत्या ओळीतच एक खेळ घाला. ‘काल मी काय केलं’ हे प्रत्येकानं तीन वेगवेगळ्या माणसांना सांगायचं, पण वेळ कमी होत जाते. कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये हा प्रकार चार, तीन आणि दोन मिनिटांचा मांडला, आणि पुढे न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी त्याचा अभ्यास केला. नवख्यांना चार मिनिटं म्हणजे शिक्षाच. मी ९०, ६० आणि ४५ सेकंद देते. गोष्ट तीच, ऐकणारा नवा, त्यामुळे सांगणाऱ्याला कंटाळा येत नाही आणि तिसऱ्या फेरीला मधले ‘अं… अं…’ गळून पडतात. हुपरीचा कारागीर पहिल्या फेरीत दीड मिनिटात चार वाक्यं बोलला होता. तिसऱ्या फेरीत पाऊण मिनिटात सहा बोलला आणि खाली बसताना म्हणाला, ‘नाद खुळा!’ पंचानं लगेच एक मराठी शब्द मोजला. मी म्हटलं, दोन आहेत.

तास संपला की कार्डं मोजून घ्या. ‘अ’ गुलाबी पत्रिकेवर, ‘ब’ पिवळीवर असलं की गोळा करायला सोपं जातं. तरी दर वेळी एखादं कुणाच्या तरी पर्समधून घरी जातं, तेव्हा प्रत्येक संचाची दोन कार्डं जास्तीची करून डब्यात ठेवा.